भिलाई महापालिका: निवडणूक कशी होते आणि महापौरांना परत कसे बोलावता येते?

थोडक्यात

भिलाईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दोन प्रश्न वारंवार पडतात. पहिला, महापालिकेच्या निवडणुकीत आपण नेमके कोणाला निवडतो? दुसरा, निवडून दिलेला माणूस काम करत नसेल तर पाच वर्षे थांबण्याखेरीज काही मार्ग आहे का? छत्तीसगडच्या कायद्यात दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे. मतदारांनी थेट निवडलेल्या महापौरांना किंवा नगराध्यक्षांना मतदारच मुदतीच्या मध्येच पदावरून दूर करू शकतात. मात्र हा अधिकार वापरण्याची किल्ली मतदाराच्या हातात नसून नगरसेवकांच्या हातात आहे. हे कसे, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे.

हा लेख कोणासाठी आहे?

- भिलाई महापालिका क्षेत्रात राहणारे १८ वर्षांवरील नागरिक
- पोलाद कारखान्याच्या वसाहतीत (सेक्टरमध्ये) राहणारे कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय
- निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून दुसऱ्या भागात राहायला गेलेली कुटुंबे
- महाराष्ट्रातून आलेले आणि तिथल्या नियमांची सवय असलेले मतदार

आधी शब्द समजून घ्या

भिलाईत सर्व अर्ज, याद्या आणि सूचना हिंदीत निघतात. महाराष्ट्रात वापरले जाणारे शब्द तिथे सापडत नाहीत. पुढील शब्द ओळखीचे करून घ्यावेत.

- नगर पालिक निगम: महापालिका
- पार्षद: नगरसेवक
- वार्ड: प्रभाग
- सभापति: महापालिकेच्या सभेचे कामकाज चालवणारा, नगरसेवकांनी निवडलेला पदाधिकारी
- महापौर परिषद: महापौरांनी नगरसेवकांमधून नेमलेले कार्यकारी मंडळ
- संभागायुक्त: विभागीय आयुक्त
- कलेक्टर: जिल्हाधिकारी
- दावा-आपत्ति: मतदार यादीवरील हरकती व सूचना
- नामांकन: उमेदवारी अर्ज
- जमानत राशि: अनामत रक्कम

कोणते कायदे लागू होतात?

संविधानातील ७४वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने प्रत्येक नागरी संस्थेची मुदत पाच वर्षे ठरवली, अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवल्या, महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा ठेवल्या आणि निवडणुका घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे दिले. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुका घेणारा भारत निर्वाचन आयोग वेगळा आणि हा आयोग वेगळा, हे लक्षात ठेवावे.

राज्याच्या पातळीवर दोन कायदे महत्त्वाचे आहेत. महापालिकांसाठी १९५६चा नगर पालिक निगम अधिनियम आणि नगर पालिका परिषदा व नगर पंचायतींसाठी १९६१चा नगरपालिका अधिनियम. दोन्ही कायदे मुळात मध्य प्रदेशचे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले, तेव्हा ते तसेच लागू राहिले आणि पुढे छत्तीसगड विधानसभेने त्यांत आपल्या दुरुस्त्या केल्या.

आपण नेमक्या कोणत्या महापालिकेत राहता?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण भिलाईत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. बोलताना आपण सगळ्याच परिसराला भिलाई म्हणतो. प्रत्यक्षात इथे एकमेकांना लागून चार वेगवेगळ्या महापालिका आहेत.

- भिलाई: ७० वार्ड. सुपेला, पॉवर हाऊस, खुर्सीपार, नेहरू नगर, कोहका आणि कारखान्याच्या वसाहतीतील बहुतेक सेक्टर यात येतात.
- रिसाली: ४० वार्ड. पूर्वी भिलाई महापालिकेचाच भाग. वेगळी महापालिका झाल्यावर पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ मध्ये झाली.
- भिलाई-चरोदा: स्वतंत्र महापालिका.
- दुर्ग: ६० वार्डांची जुनी महापालिका.

जामुल आणि कुम्हारी या त्याशिवाय वेगळ्या नागरी संस्था आहेत. निवडणुकाही एकाच वेळी होत नाहीत. भिलाई, रिसाली आणि भिलाई-चरोदा येथे २० डिसेंबर २०२१ रोजी मतदान झाले आणि २३ डिसेंबरला मतमोजणी झाली. दुर्गमध्ये मात्र राज्यातील इतर बहुतेक शहरांबरोबर ११ फेब्रुवारी २०२५ रोजी मतदान झाले. म्हणून दुर्गमधल्या नातेवाइकाने मतदान केले आणि आपले नाव कुठेच निघाले नाही, यावरून नाव कापले गेले असे समजू नये. त्या दिवशी भिलाईत निवडणूकच नव्हती.

आपण कोणाला निवडतो?

भिलाईत एका वार्डातून एकच नगरसेवक निवडला जातो. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडतात, तशी पद्धत इथे नाही.

महापौर निवडण्याची पद्धत मात्र दोनदा बदलली आहे.

- २००४, २००९ आणि २०१४च्या राज्यव्यापी निवडणुकांत महापौर थेट मतदारांनी निवडले. भिलाईत डिसेंबर २०१५ च्या निवडणुकीतही महापौरांसाठी मतदारांनी थेट मत दिले.
- २०१९ मध्ये कायदा बदलला. नगरसेवकांनी आपल्यातून महापौर निवडावा असे ठरले. म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये भिलाईच्या मतदारांनी फक्त नगरसेवक निवडले आणि जानेवारी २०२२ मध्ये नगरसेवकांनी महापौर निवडला.
- डिसेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने पुन्हा थेट निवडणुकीचा निर्णय घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये १० महापालिका, ४९ नगर पालिका परिषदा आणि ११४ नगर पंचायती अशा १७३ संस्थांची निवडणूक याच पद्धतीने झाली. मतदाराने दोन मते दिली: एक महापौर किंवा अध्यक्षांसाठी, दुसरे नगरसेवकासाठी.

पद्धतीतला हा फरक नुसता तांत्रिक नाही. महापौर कोणी निवडला, यावरच त्यांना कोण काढू शकते हे अवलंबून असते. ते पुढे पाहू.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी: महाराष्ट्रात महापौर नगरसेवकच निवडतात आणि त्यांची मुदत अडीच वर्षांची असते. छत्तीसगडमध्ये महापौरांची मुदत सभागृहाइतकीच, म्हणजे पाच वर्षे असते.

मतदार होण्यासाठी काय करावे?

महापालिकेची मतदार यादी राज्य निवडणूक आयोग तयार करून घेतो. ती विधानसभेच्या यादीच्या आधारे तयार होत असली तरी वार्डनिहाय वेगळी असते. त्यामुळे हातात मतदार ओळखपत्र आहे म्हणून वार्डाच्या यादीत नाव असेलच असे नाही.

१. निवडणुकीपूर्वी प्रारूप यादी प्रसिद्ध होते. आपल्या वार्डाची यादी मागून नाव, घर क्रमांक आणि वार्ड क्रमांक तपासा.
२. नाव नसेल, चुकीच्या वार्डात असेल किंवा तपशील चुकला असेल तर 'दावा-आपत्ति'च्या मुदतीतच अर्ज द्या. नाव घालणे, दुरुस्ती आणि नाव वगळणे यांसाठी वेगवेगळे अर्ज असतात.
३. अर्जासोबत राहत्या पत्त्याचा पुरावा जोडा आणि पोच घ्या.
४. अंतिम यादी प्रसिद्ध झाल्यावर पुन्हा एकदा नाव पाहा. पोच मिळाली म्हणजे नाव आले असे गृहीत धरू नका.
५. मतदानाच्या दिवशी छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत न्या.

निवृत्त कर्मचाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. समजा, एक कुटुंब तीस वर्षे सेक्टरमधील क्वार्टरमध्ये राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी क्वार्टर परत केले आणि रिसालीत घर बांधले. त्यांनी फक्त वार्ड बदललेला नाही, महापालिकाच बदलली आहे. जुन्या जागेचे नाव वगळून नव्या ठिकाणी नाव घालून घ्यावे लागते. हे केले नाही तर एक तर जुन्या वार्डात पत्ता तपासताना नाव कापले जाते, किंवा जिथे आपण राहत नाही, तिथला नगरसेवक निवडण्याची वेळ येते. दोन ठिकाणी नाव ठेवणे नियमबाह्य आहे.

वसाहतीतील मतदाराचे मत कशासाठी?

भिलाई पोलाद कारखान्याची उभारणी सोव्हिएत संघाच्या सहकार्याने झाली. १९५५ मध्ये करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. कामगारांसाठी सेक्टरची वसाहत कारखान्यानेच वसवली आणि तिथले रस्ते, पाणी, दिवे, क्वार्टरची दुरुस्ती ही कामे कारखान्याचा नगर सेवा विभाग पाहत आला. महापालिका स्थापन झाली ती १९९८ मध्ये, म्हणजे पुष्कळ नंतर. त्यामुळे सेक्टरमध्ये राहणाऱ्यांना पुष्कळदा वाटते की महापालिकेशी आपला संबंध नाही.

संबंध आहे. सेक्टरही महापालिकेच्या वार्डांत मोडतात आणि तिथूनही नगरसेवक निवडून जातात. मात्र तक्रार करण्यापूर्वी काम कोणाचे आहे हे पाहिले पाहिजे. क्वार्टरचे छत गळत असेल तर ते नगरसेवकाच्या हातातले काम नाही. त्या कारणावरून नगरसेवकाला किंवा महापौरांना नापास ठरवणे योग्य होणार नाही. उलट जन्म-मृत्यूची नोंद, महापालिकेच्या निधीतून झालेले काम किंवा महापालिकेने दिलेला ठेका याबद्दल महापालिकेलाच जाब विचारावा लागेल.

उमेदवारी आणि मतदान यांविषयी

- नगरसेवकपदासाठी वय किमान २१ वर्षे असावे आणि त्या महापालिकेच्या मतदार यादीत नाव असावे. महापौरपदासाठीच्या अटी निवडणुकीच्या अधिसूचनेत पाहाव्यात.
- कोणता वार्ड कोणत्या प्रवर्गासाठी किंवा महिलांसाठी राखीव, हे प्रत्येक निवडणुकीपूर्वी ठरते. महापौरपदाचे आरक्षण राज्य पातळीवर सोडतीने निघते.
- उमेदवाराला मालमत्ता, कर्जे व गुन्हेगारी प्रकरणांचे शपथपत्र द्यावे लागते. हे शपथपत्र मतदाराने वाचण्यासाठीच असते.
- भिलाईत २०२१चे मतदान कागदी मतपत्रिकेवर झाले. २०२५ मध्ये राज्यातील नागरी निवडणुका मतदान यंत्रावर झाल्या.
- कोणीच पसंत नसेल तर 'नोटा'चा पर्याय आहे.
- निकालाविरुद्ध तक्रार असेल तर निवडणूक याचिका जिल्हा न्यायाधीशांकडे दाखल करावी लागते. निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. मुदत गेल्यावर मोर्चा काढून निकाल बदलत नाही.

मुदत संपली तरी निवडणूक झाली नाही तर?

संविधानाच्या २४३-यू कलमानुसार सभागृहाची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांची असते. त्याहून एक दिवसही अधिक नाही. मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले आणि निवडणूक वेळेवर घेणे ही राज्य निवडणूक आयोगाची जबाबदारी असल्याचे सांगितले.

तरीही विलंब होतो. मुदत संपून निवडणूक झालेली नसेल तर शहराचा कारभार प्रशासक पाहतो. त्या काळात वार्डाचा नगरसेवक नसतो, म्हणजे मतदाराच्या वतीने सभेत प्रश्न विचारणारे कोणीच नसते. परत बोलावण्याचा अधिकार असो की अविश्वास ठराव, समोर निवडून आलेला पदाधिकारीच नसल्याने दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून निवडणूक वेळेवर होणे हाच नागरिकाचा पहिला अधिकार समजावा.

परत बोलावण्याचा अधिकार म्हणजे काय?

मतदारांनी निवडलेल्या पदाधिकाऱ्याला मुदत संपण्यापूर्वी मतदारांनीच मतदान करून पदावरून दूर करणे, याला परत बोलावणे म्हणतात. ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने १९०३ मध्येच आपल्या सनदेत ती घातली होती. आपल्याकडे अविभाजित मध्य प्रदेशाने शहरांच्या कायद्यात ती आणली आणि छत्तीसगडला ती वारशाने मिळाली. महापौरांसाठी १९५६च्या अधिनियमाचे कलम २४ आणि नगराध्यक्षांसाठी १९६१च्या अधिनियमाचे कलम ४७ यांत ही पद्धत दिलेली आहे.

प्रक्रिया पुढीलप्रमाणे चालते.

१. निवडून आलेल्या एकूण नगरसेवकांपैकी किमान तीन चतुर्थांश नगरसेवक प्रस्तावावर सह्या करतात.
२. महापौरांविरुद्धचा प्रस्ताव विभागीय आयुक्तांकडे, नगराध्यक्षांविरुद्धचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला जातो.
३. ते अधिकारी सह्यांची खातरजमा करून प्रस्ताव राज्य सरकारकडे पाठवतात.
४. राज्य सरकार तो राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवते.
५. आयोग मतदानाची तारीख ठरवतो आणि संपूर्ण शहरात गुप्त मतदान घेतो.
६. मतदान करणाऱ्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतदारांनी परत बोलावण्याच्या बाजूने मत दिले, तर पद तत्काळ रिकामे झाले असे मानले जाते. उरलेल्या मुदतीसाठी पोटनिवडणूक होते.

या मतदानात उमेदवारांची नावे नसतात. दोन चित्रे असतात: 'खाली कुर्सी' आणि 'भरी कुर्सी'. रिकाम्या खुर्चीला मत म्हणजे पदावरून दूर करा. माणूस बसलेल्या खुर्चीला मत म्हणजे राहू द्या. मराठी मतदाराने इथे जपावे. 'खाली' म्हणजे हिंदीत रिकामी.

मर्यादा कोणत्या?

- पद स्वीकारल्यापासून पहिली दोन वर्षे प्रक्रिया सुरू करता येत नाही.
- पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याच्या बाबतीत, त्यांच्या उरलेल्या मुदतीचा निम्मा काळ गेलेला असावा.
- एका मुदतीत ही प्रक्रिया एकदाच होऊ शकते. पहिला प्रयत्न फसला तर दुसरी संधी नाही.
- ही तरतूद महापौर व अध्यक्षांसाठी आहे. नगरसेवकाला परत बोलावण्याची मतदानाची पद्धत या कायद्यांत नाही.

आकडे मांडून पाहू

थेट निवडलेल्या महापौरांबाबत भिलाईसारख्या ७० वार्डांच्या महापालिकेत तीन चतुर्थांश म्हणजे साडेबावन्न, म्हणून किमान ५३ सह्या लागतील. दुर्गमध्ये ६० पैकी ४५, रिसालीच्या आकाराच्या महापालिकेत ४० पैकी ३० आणि १५ वार्डांच्या नगर पंचायतीत १२.

डिसेंबर २०२१ मध्ये भिलाईत निवडून आलेल्या सभागृहात एकाही पक्षाकडे ५३ नगरसेवक नव्हते. याचा अर्थ असा की अशा सभागृहात केवळ विरोधकांच्या बळावर प्रस्ताव कधीच उभा राहू शकत नाही. महापौरांच्या स्वतःच्या पक्षातील नगरसेवकांनीही सह्या केल्या तरच आकडा गाठता येतो. कायद्याने उंबरठा मुद्दाम उंच ठेवला आहे. निवडणूक हरलेल्या बाजूने दर सहा महिन्यांनी शहराला पुन्हा मतदानाला लावू नये, हा त्यामागचा हेतू. त्याची दुसरी बाजूही आहे. शहरातील हजारो नागरिक नाराज असले, पण नगरसेवक गप्प राहिले, तर मतदान होतच नाही.

हा अधिकार कधी वापरला गेला आहे का?

होय, आणि भिलाईच्या अगदी शेजारी. जून २००८ मध्ये छत्तीसगडमधील गुंडरदेही, नवागढ आणि राजपूर या तीन नगर पंचायतींमध्ये अध्यक्षांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले. तिन्ही ठिकाणी मतदारांनी अध्यक्षांना पदावरून दूर केले. गुंडरदेही त्या वेळी दुर्ग जिल्ह्यात होते. आता ते बालोद जिल्ह्यात आहे. त्याआधी मध्य प्रदेशातील अनुपपूर येथे नगराध्यक्षांना अशाच मतदानाने जावे लागले होते.

दर वेळी खुर्ची रिकामीच होते असे नाही. राजस्थानातील मांगरोल येथे २०१२ मध्ये असेच मतदान झाले, तेव्हा मतदारांनी अध्यक्षांना पदावर कायम ठेवले. नगरसेवकांचे मत आणि शहराचे मत वेगळे असू शकते, हे त्यावरून दिसते.

ही सारी उदाहरणे लहान शहरांची आहेत, हेही ध्यानात घ्यावे. १५-२० नगरसेवकांत एकमत होणे आणि ७० नगरसेवकांत एकमत होणे यांत मोठे अंतर आहे.

महापौर नगरसेवकांनी निवडलेले असतील तर?

तर त्यांना परत बोलावण्यासाठी मतदारांचे मतदान होत नाही. ज्यांनी निवडले, तेच काढू शकतात. म्हणजे नगरसेवक सभागृहात अविश्वास ठराव आणतात. २०२१च्या निवडणुकीनंतर भिलाईत जे सभागृह आले, त्यातील महापौर नगरसेवकांनी निवडलेले होते, म्हणून त्यांच्या बाबतीत हाच मार्ग. थेट निवडणुकीने महापौर आले की चित्र बदलते.

२०१९ आणि २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्त्या झाल्या आहेत. म्हणून कोणत्याही प्रस्तावावर सही करण्यापूर्वी किंवा नगरसेवकाकडे तशी मागणी करण्यापूर्वी, त्या तारखेला लागू असलेल्या कलमाची सुधारित प्रत घेऊनच पुढे जावे. जुन्या पुस्तकातील कलम दाखवून केलेला प्रस्ताव पहिल्याच टप्प्यावर परत येतो.

थेट निवडलेल्याला नगरसेवकांनी काढणे योग्य आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९९२ मध्ये रायबरेलीच्या एका प्रकरणात आला होता. निवडणुकीचा आणि काढण्याचा हक्क हे दोन्ही कायद्याने निर्माण केलेले आहेत, म्हणून पद्धतही कायदाच ठरवेल, असे न्यायालयाने सांगितले. त्यामुळे 'आम्ही निवडले, म्हणून आम्हीच काढणार' हे तत्त्व कितीही पटणारे असले तरी कायद्यात लिहिलेल्या मार्गानेच जावे लागते.

नगरसेवक काम करत नसेल तर?

नगरसेवकाला मतदानाने परत बोलावता येत नाही. तरी पुढील मार्ग उपलब्ध आहेत.

- अपात्रता: कायद्यात दिलेल्या कारणांनी, उदाहरणार्थ महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध असल्यास, नगरसेवक अपात्र ठरू शकतो.
- पदावरून दूर करणे: अधिनियमाच्या कलम १९ नुसार विभागीय आयुक्त सुनावणी घेऊन नगरसेवकाला दूर करू शकतात. यासाठी पुराव्यासह लेखी तक्रार लागते. केवळ 'भेटत नाही, फोन उचलत नाही' एवढ्यावर असे प्रकरण टिकत नाही.
- माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क भरून पार्षद निधीतून कोणत्या वार्डात, कोणत्या कामावर, किती खर्च झाला ते विचारा. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे.
- तक्रार निवारण: नागरी सुविधांच्या तक्रारींसाठी राज्यात 'निदान' ही ११०० क्रमांकाची सेवा आहे. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या पायरीवर तोच पुरावा ठरतो.

महापौरांविषयी नाराजी असेल तर नागरिकाने काय करावे?

१. तक्रार कोणाच्या अखत्यारीत येते ते ठरवा: महापालिका, पोलाद कारखान्याचा नगर सेवा विभाग की राज्य सरकारचे खाते. महापालिकेचे आयुक्त राज्य सरकार नेमते, महापौर नेमत नाहीत, हेही लक्षात घ्या.
२. माहितीच्या अधिकारात कागद मिळवा.
३. वार्डातील नागरिकांच्या सह्यांचे निवेदन आपल्या नगरसेवकाला द्या आणि पोच घ्या. अशा निवेदनाने परत बोलावण्याची प्रक्रिया आपोआप सुरू होत नाही. पण प्रस्तावावर नगरसेवकांच्याच सह्या लागतात, म्हणून नागरिकाचा खरा जोर इथेच चालतो.
४. दोन वर्षांची मुदत पूर्ण झाली आहे का, आणि या मुदतीत आधी प्रयत्न झाला आहे का, हे तपासा.
५. मतदान जाहीर झाले तर जरूर मतदान करा. समजा १०० मतदारांपैकी ६० जणांनी मत दिले, तर ३१ मतांनी निर्णय होतो. घरी बसलेले ४० जण कोणत्याच बाजूला मोजले जात नाहीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: शहरातील दहा हजार नागरिकांनी सह्या करून अर्ज दिला तर परत बोलावण्याचे मतदान होईल का?
उत्तर: नाही. छत्तीसगडमध्ये प्रस्तावाची सुरुवात नगरसेवकांच्या सह्यांनीच होते. बिहारच्या २००७च्या नगरपालिका कायद्यात मतदारांच्या सह्यांची पद्धत आहे, ती इथे लागू होत नाही.

प्रश्न: माझे मूळ गाव महाराष्ट्रात आहे. मी भिलाईत मतदान करू शकतो का?
उत्तर: होय. मूळ गाव किंवा मातृभाषा यांचा संबंध नाही. आपण जिथे राहता तिथल्या यादीत नाव असावे आणि ते एकाच ठिकाणी असावे.

प्रश्न: परत बोलावलेले पदाधिकारी पुन्हा न्यायालयात जाऊ शकतात का?
उत्तर: प्रक्रियेत नियमभंग झाला असेल तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. छत्तीसगडचे उच्च न्यायालय बिलासपूरला आहे.

प्रश्न: महाराष्ट्रात अशी तरतूद आहे का?
उत्तर: महापौरांसाठी नाही. मात्र थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर झाला तरी तो ग्रामसभेसमोर गुप्त मतदानाने संमत व्हावा लागतो. २०१७च्या दुरुस्तीने ही पद्धत आली. तिथेही शेवटचा शब्द मतदारांचा असतो.

लक्षात ठेवा

परत बोलावण्याचा अधिकार कायद्यात आहे आणि शेजारच्या गुंडरदेहीत तो वापरलाही गेला आहे. पण त्याचा दरवाजा नगरसेवक उघडतात आणि आत मतदार जातात. म्हणून महापौरांना दिलेल्या मताइतकेच नगरसेवकाला दिलेले मतही विचारपूर्वक द्यावे. त्यासाठीची पहिली पायरी आजच करता येते: आपले नाव कोणत्या महापालिकेच्या, कोणत्या वार्डाच्या यादीत आहे ते तपासून घ्या.